सत्त्याहत्तर बाटल्यांचा हिशेब

समुद्राचं पाणी खारट का, हे लहान मूलही विचारतं. पण ते नेमकं किती खारट, त्या खारटपणात काय काय विरघळलेलं आहे, मालवणच्या किनाऱ्यावरचं पाणी आणि दक्षिण ध्रुवाकडच्या हिमनगांमधलं पाणी यांत काही फरक आहे का, आणि जिथे ऊन कधीच पोचत नाही त्या तळाशी पाणी कसं असेल, हे प्रश्न एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नाहीत. घरच्या प्रयोगशाळेतलं रसायनशास्त्र एखाद्या हौशी श्रीमंताच्या खिशातून चालू शकतं. समुद्राच्या रसायनशास्त्राला आधी जहाज लागतं. मग कोळसा लागतो, मैलोन्‌ मैल दोरखंड लागतो, तो सोडायला आणि ओढायला माणसं लागतात, आणि या सगळ्यांना वर्षानुवर्षं पोसणारी तिजोरी लागते.

ब्रिटिश सरकारने अशी तिजोरी एकदा मोकळ्या हाताने उघडली. ते साल १८७२. त्या पैशाचं पुढे काय काय झालं याचा माग काढत गेलं की पोर्ट्‌समथहून निघालेली वाट ग्लासगो, एडिंबरा, हिंदी महासागरातलं एक निर्मनुष्य बेट, अलेक्झांड्रिया अशी फिरत थेट आपल्या अरबी समुद्रात येते.

त्याआधी प्रयत्न झाले नव्हते असं नाही. लंडनमध्ये डॉक्टरकी करणारा अलेक्झांडर मार्सेट हा मूळचा स्विस माणूस. त्याने १८१९ मध्येच निरनिराळ्या समुद्रांचं पाणी तपासून एक विलक्षण अंदाज मांडला होता. त्याचं म्हणणं असं, की क्षारांचं एकूण प्रमाण जागोजागी कमीजास्त होतं, पण क्षारांचं आपापसांतलं प्रमाण सगळीकडे जवळपास तेच राहतं. कोपनहेगनच्या योहान फोर्चहॅमरने जहाजांच्या कप्तानांकडून जगभरचं पाणी मागवून वीस वर्षं हेच काम नेटाने केलं आणि १८६५ मध्ये शेकडो नमुन्यांचे आकडे प्रसिद्ध केले. पण कप्तान पाणी देणार ते बहुतेक वरचं, बादली सोडून काढलेलं. समुद्राची सरासरी खोली साडेतीन हजार मीटरच्या वर. फोर्चहॅमरच्या हाती लागली होती ती दुधावरची साय.

खोल पाण्यापर्यंत जायची निकड दुसऱ्याच कारणाने निर्माण झाली होती. तारायंत्राच्या तारा समुद्रातून टाकायला सुरुवात झाली होती. १८६६ मध्ये अटलांटिकच्या तळाशी टिकाऊ तार पडली. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने एडनपासून मुंबईपर्यंतची तार टाकली आणि लंडनचा निरोप काही तासांत मुंबईला पोचू लागला. तळाशी चिखल आहे की खडक, किती खोल आहे, किती थंड आहे, या गोष्टींना आता रोकडी किंमत आली होती. दुसरीकडे, तीनशे वाव खोलीच्या खाली समुद्रात जीव नाही, हे एडवर्ड फोर्ब्‌सचं अनुमान डळमळू लागलं होतं. विल्यम कार्पेंटर आणि वायव्हिल थॉमसन या दोघांनी आरमाराकडून उसनी मिळालेली ‘लाइटनिंग’ आणि ‘पॉर्क्युपाइन’ ही जहाजं १८६८ ते १८७० च्या उन्हाळ्यांत फिरवली आणि दोन हजारांहून जास्त वाव खोल पाण्यातून जिवंत प्राणी वर आणले.

कार्पेंटर हा रॉयल सोसायटीचा वजनदार माणूस होता आणि सरकारशी कसं बोलावं हे त्याला नेमकं कळत होतं. १८७१ मध्ये त्याने आरमाराचे मंत्री जॉर्ज गोशेन यांना लिहिलं. इतर देश खोल समुद्राच्या मोहिमांची तयारी करत आहेत, आणि जगातलं सर्वात मोठं आरमार असलेल्या देशाने मागे राहावं हे बरं दिसत नाही, असा त्याचा सूर होता. राष्ट्राभिमानाची ही कळ तेव्हाही दाबावी लागत होती. सरकारी खात्याला ‘मला कुतूहल आहे’ हे कारण पुरत नाही, ‘शेजारी पुढे चालला आहे’ हे पुरतं. तेव्हा अर्थमंत्री होते रॉबर्ट लो. काटकसरीसाठी ते प्रसिद्ध होते, आणि त्यांनी १८७१ च्या अंदाजपत्रकात काड्यापेट्यांवरसुद्धा कर बसवायचा प्रयत्न केला होता. जनतेच्या संतापापुढे तो कर मागे घ्यावा लागला. त्याच लो यांच्या कारकिर्दीत, पुढच्याच वर्षी, जगाची प्रदक्षिणा करून समुद्राच्या पोटात काय आहे ते पाहण्यासाठी पैसा मंजूर झाला. जहाज, कप्तान आणि खलाशी आरमाराचे, शास्त्रज्ञ रॉयल सोसायटीने निवडलेले, अशी वाटणी ठरली.

‘चॅलेंजर’ ही वाफेच्या इंजिनाची जोड असलेली शिडाची युद्धनौका. दोन सोडून बाकी सगळ्या तोफा उतरवल्या. तोफांच्या जागी प्रयोगशाळा आली, बरण्यांची मांडणी आली, दारूची पिंपं आली. ही दारू नमुने टिकवण्यासाठीची. २१ डिसेंबर १८७२ रोजी ती पोर्ट्‌समथहून निघाली आणि २४ मे १८७६ ला परत आली. साडेतीन वर्षांत ६८,८९० सागरी मैल झाले. ३६२ ठिकाणी थांबून पाणी, गाळ, तापमान आणि जीव गोळा केले. निघताना जहाजावर सुमारे दोनशे चाळीस माणसं होती. परतताना त्यांतली दीडशेसुद्धा उरली नव्हती. काही मेली, काही आजारी पडली, आणि पुष्कळ जण मिळेल त्या बंदरात उतरून पसार झाले. शास्त्रज्ञांच्या रोजनिशा वाचणाऱ्यांना जे रोमांचक वाटतं, ते दोर ओढणाऱ्यांना दिवसाचे बारा तास एकच काम होतं.

त्या कामाची रीत अशी. जहाज थांबवायचं आणि वाऱ्याकडे तोंड करून धरायचं. वजन बांधलेला तागाचा दोर सोडायचा. चार-पाच किलोमीटर खोल पाण्यात तो तळाला टेकायलाच बराच वेळ जाई. त्याच दोराला तापमापक आणि पाणी धरणारी बाटली. ती हव्या त्या खोलीवर मिटली पाहिजे, आणि वर येताना वाटेतलं पाणी तिच्यात शिरता कामा नये. मग गाळ खरवडणारी जाळी टाकायची. एका ठिकाणाचं काम म्हणजे अख्खा दिवस. पियानोची बारीक तार वापरून हे काम झटपट करण्याची युक्ती तेव्हा निघाली होती, पण चॅलेंजरवर शेवटपर्यंत दोरच चालला. २३ मार्च १८७५ ला मारियाना बेटांजवळ दोर सोडत गेले आणि तो ४,४७५ वावांवर टेकला. म्हणजे आठ हजार मीटरहून जास्त. पृथ्वीवरच्या सर्वात खोल दरीच्या काठाशी आपण उभे आहोत हे तेव्हा जहाजावर कुणाला ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

रसायनशास्त्रज्ञ होता जॉन यंग ब्यूकॅनन, स्कॉटलंडचा. हलत्या जहाजावर पाण्याची घनता मोजायची, त्यात विरघळलेले वायू उकळून बाहेर काढायचे, हे त्याचं रोजचं काम. किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत टेबल स्थिर असतं. इथे टेबल, दिवा, काचेची नळी आणि माणूस सगळेच डुलत असत. कार्बन डायऑक्साइड तर त्याला फारच छळी. खाऱ्या पाण्यातून तो सहज सुटत नाही, क्षारांशी गाठ मारून बसतो. आज समुद्राच्या आम्लतेबद्दल आपण जे काही बोलतो, त्यातला हा गाभ्याचा पेच या माणसासमोर त्या डुलत्या टेबलावर उभा होता.

त्याच्या दोन गोष्टी मला विसरता येत नाहीत.

पहिली १८ फेब्रुवारी १८७३ ची. कॅनरी बेटांच्या नैर्ऋत्येला जाळी वर आली, तिच्यात काळे, ओबडधोबड, बटाट्यासारखे गोटे होते. ब्यूकॅननने लगेच परीक्षण केलं. ते जवळजवळ निव्वळ मँगनीजचं ऑक्साइड निघालं. समुद्राच्या पाण्यातून कणाकणाने सुटून, एखाद्या शार्कच्या दाताभोवती किंवा हाडाच्या तुकड्याभोवती, लाखो वर्षांत थर धरून वाढलेले हे गोटे. त्यांचं काय करायचं हे कुणालाच सुचलं नाही. बरण्यांत भरले, नोंद केली, जहाज पुढे गेलं.

दुसरी ‘बॅथिबियस’ची. १८५७ मध्ये ‘सायक्लॉप्स’ या जहाजाने अटलांटिकच्या तळाचा गाळ आणला होता आणि तो दारूत घालून ठेवला होता. अकरा वर्षांनी थॉमस हक्सलेने तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याला त्यात बुळबुळीत, लिबलिबीत असा पदार्थ दिसला. हाच आद्य जीवद्रव्याचा पडदा, सगळ्या महासागरांच्या तळावर पसरलेला, निर्जीवातून सजीव होण्याची पहिली पायरी, असं त्याला वाटलं. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल याच्या सन्मानार्थ त्याने त्याचं नाव ठेवलं बॅथिबियस हेकेली. डार्विनच्या पुस्तकाला दहा वर्षंही झाली नव्हती. विद्वानांना हे हवंच होतं. चॅलेंजरवर सगळे डोळ्यांत तेल घालून बॅथिबियस शोधत होते आणि ताज्या गाळात तो दिसेना. जहाजावरचा निसर्गशास्त्रज्ञ जॉन मरे याच्या लक्षात आलं की दारू घातलेल्या बरण्यांतच तो प्रकटतो. ब्यूकॅननने मग त्याची रासायनिक चौकशी केली. समुद्राच्या पाण्यात भरपूर दारू ओतली की पाण्यातलं कॅल्शियम सल्फेट, म्हणजे आपली चिरोडी, बारीक बुळबुळीत साका होऊन खाली बसते. आद्य जीवन म्हणून गाजलेला पदार्थ म्हणजे बरणीतच तयार झालेली चिरोडी होती. मोहिमेतल्या शास्त्रज्ञांचा प्रमुख थॉमसन याने जपानहून हक्सलेला पत्र लिहून हे कळवलं, आणि हक्सलेने १८७५ मध्ये ते पत्र जाहीर करून आपली चूक कबूल केली. स्वतःच्या नावाने गाजलेला शोध असा मोकळेपणाने मागे घेणाऱ्या हक्सलेबद्दल माझा आदर या एका प्रसंगाने दुणावला. आणि त्या डुलत्या प्रयोगशाळेचा सगळा खर्च, दुसरं काही हाती लागलं नसतं तरी, इथेच वसूल झाला असं मी म्हणेन.

जहाज परत आलं आणि खरी ओढाताण सुरू झाली ती तेव्हा. प्रवासाला पैसा देणं सरकारला सोपं जातं. जहाज निघतं, बंदरावर गर्दी जमते, वर्तमानपत्रांत छापून येतं. त्या प्रवासात काय सापडलं ते तपासायला, चित्रं काढायला आणि छापायला दरवर्षी पैसा मागू लागलं की हिशेबनीस चष्मा पुसतात. एडिंबऱ्यात चॅलेंजर कार्यालय थाटलं गेलं. थॉमसनने नमुने युरोप-अमेरिकेतल्या जाणकारांकडे पाठवले. ब्रिटिश पैशाने गोळा केलेला माल परदेशी हातांत का, म्हणून आरडाओरडा झाला. थॉमसन बधला नाही, आणि ते फार बरं झालं. पण अर्थखात्याशी चाललेल्या पत्रव्यवहाराने आणि कामाच्या डोंगराने तो पिचला. १८८२ मध्ये, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, तो गेला. काम जॉन मरेच्या गळ्यात पडलं.

पाण्याच्या बाटल्यांचं सखोल विश्लेषण ग्लासगोच्या विल्यम डिटमारकडे आलं. हा जन्माने जर्मन, बुनसेनच्या हाताखाली शिकलेला, तराजूवर भक्ती असलेला रसायनतज्ज्ञ. बाटल्या निवडल्या सत्त्याहत्तर. निरनिराळे महासागर, निरनिराळ्या खोल्या. प्रत्येक बाटलीत क्लोरीन किती, सल्फेट किती, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सोडियम किती. आपल्याकडे उरण-पेणच्या मिठागरांत काम केलेल्यांना ठाऊक असतं की समुद्राचं पाणी आटताना सगळं एकदम बसत नाही. मीठ बसतं आणि मागे कडू पाणी उरतं, त्यात मॅग्नेशियम. एकेक क्षार असा वेगळा काढून तोलणं हे डिटमारचं काम. मिठागरात ते ढोबळ चालतं, इथे ग्रॅमच्या हजाराव्या भागाचा प्रश्न होता.

१८८४ मध्ये त्याचा अहवाल छापला गेला. मार्सेटचा अंदाज खरा होता. अटलांटिक असो, पॅसिफिक असो, वरचं पाणी असो की पाच हजार मीटर खालचं, क्षारांचं आपसांतलं प्रमाण जवळजवळ अढळ. एकूण क्षारांत पंचावन्न टक्क्यांहून थोडं जास्त क्लोराइड, तीस टक्क्यांच्या आसपास सोडियम, आणि बाकीचे आपापल्या जागी. फरक दिसला तो खोल पाण्यातल्या कॅल्शियममध्ये, तिथे ते किंचित जास्त. तो किंचितपणाही त्याने सोडला नाही, नोंदवला. वरून पडणारी चुनखडीची सूक्ष्म कवचं खोलात विरघळतात म्हणून तसं होतं, हे पुढे स्पष्ट झालं.

या एका निष्कर्षाचा अर्थ फार मोठा होता. प्रमाण अढळ असेल तर पाण्यातला एकच घटक मोजला तरी पुरे, बाकी सगळं त्यावरून काढता येतं. म्हणून पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरच्या जहाजांवर समुद्राची क्षारता मोजायची म्हणजे फक्त क्लोराइड मोजायचं, अशी रीत पडली. आज विजेची वाहकता मोजून क्षारता काढणारी उपकरणं समुद्रात बुडवली जातात. वाहकतेवरून क्षारता काढता येते, तीसुद्धा ते प्रमाण अढळ असतं या भरवशावरच. सत्त्याहत्तर बाटल्यांवर शंभर वर्षांहून जास्त काळ सगळं जग उभं राहिलं.

अहवालाचे खंड वाढत पन्नास झाले. शेवटचा निघाला १८९५ मध्ये. तोपर्यंत अर्थखात्याचा धीर संपला होता, अनुदान थांबलं, आणि शेवटच्या टप्प्याचा खर्च मरेने स्वतःच्या खिशातून भरला. ज्या बरण्या कपाटांत गेल्या त्यांची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये ठेवलेल्या चॅलेंजरच्या नमुन्यांतली चुनखडीची सूक्ष्म कवचं काही शास्त्रज्ञांनी बाहेर काढली, ‘तारा’ या जहाजाने अलीकडे गोळा केलेल्या त्याच जातींच्या कवचांशी ताडून पाहिली आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजची कवचं पातळ निघाली, एका जातीत तर तब्बल ७६ टक्क्यांपर्यंत. हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन समुद्र आम्लाकडे झुकतो आणि कवच बांधणं अवघड होतं, याचा हा डोळ्यांनी दिसणारा पुरावा. मंजुरीच्या कागदावर सही करणाऱ्याच्या मनातही नसेल असा हा उपयोग. म्हणून मला वाटतं, बरणी जपण्याचा खर्च हा मोहिमेच्या खर्चाइतकाच मोलाचा असतो, आणि तोच सर्वात आधी कापला जातो.

आता मरेच्या खिशाकडे वळू. त्याच्या खिशात पुढे जो पैसा आला, तोही समुद्रातूनच आला.

जावाच्या दक्षिणेला ख्रिसमस आयलंड नावाचं, जंगलाने झाकलेलं, निर्मनुष्य प्रवाळ बेट होतं. १८८७ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या ‘फ्लाइंग फिश’ आणि ‘इजेरिया’ या जहाजांनी ते पाहिलं. या जहाजांचे कप्तान मॅक्लिअर आणि ऑल्ड्रिच हे दोघेही पूर्वी चॅलेंजरवर होते. ते खडकांचे तुकडे मरेकडे पाठवत. एडिंबऱ्यात बसून जगभरचा गाळ तपासणाऱ्या मरेच्या नजरेला त्या तुकड्यांत शुद्ध कॅल्शियम फॉस्फेट दिसलं. शेतीच्या खतासाठी युरोप तेव्हा फॉस्फेटला हपापलेला होता. मरेने सरकारला गळ घातली, आणि जून १८८८ मध्ये ब्रिटनने बेटावर झेंडा लावला. १८९१ मध्ये मरे आणि शेजारच्या कोकोस बेटांचा धनी क्लूनीज-रॉस यांना मिळून पट्टा मिळाला, आणि काही वर्षांनी कंपनी उभी राहिली.

यातला एक भाग विज्ञानाच्या पुस्तकांत फार वेगाने उरकला जातो. फॉस्फेट खणायला कंत्राटाने बांधलेले चिनी मजूर आणले गेले. पहिल्या काही वर्षांतच त्यांतले शेकडो बेरीबेरीने मेले. सडीक, पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्या माणसांना होणारा हा रोग. त्यांची नावं कोणत्याही खंडात नाहीत. समुद्राच्या ज्ञानाला जो पैसा पुढे मिळाला, त्यात त्यांच्या जिवाचा वाटा होता, आणि हिशेब मांडायचा तर तो रकाना रिकामा ठेवता येत नाही.

बेटाचं उत्पन्न वाढत गेलं. मरे आयुष्याच्या अखेरीस अभिमानाने सांगत असे की ख्रिसमस आयलंडवरून भाडं, स्वामित्वधन आणि करांच्या रूपाने सरकारी तिजोरीत जे जमा झालं, ते चॅलेंजर मोहिमेच्या सगळ्या खर्चाहून जास्त भरलं आहे. ज्या अर्थखात्याने अखेरच्या खंडांसाठी हात आखडता घेतला, त्याच्याच खतावणीत ही जमा होती. स्वतः मरेने आपला पैसा समुद्रावरच लावला. १९१० मध्ये नॉर्वेच्या ‘मिखाएल सार्स’ या जहाजावरची अटलांटिक मोहीम त्याच्या पैशाने झाली. १९१४ च्या मार्चमध्ये मोटारीच्या अपघातात तो गेला. त्याच्या मृत्युपत्रात समुद्रविज्ञानासाठी तरतूद होती. तिच्यातून, मधे एक महायुद्ध उलटल्यावर, वीस हजार पौंडांची मोहीम उभी राहिली.

चॅलेंजर आपल्या समुद्रात कधी आलीच नव्हती. केप टाउनहून ती आग्नेयेला केर्गेलेन बेटाकडे, तिथून हिमनगांच्या कडेने मेलबर्नला गेली. अरबी समुद्र कोरा राहिला. मरेच्या पैशाने तो कोरा कागद भरायचं ठरलं. इजिप्तच्या सरकारने ‘मबाहिस’ हे आपलं जवळजवळ नवं कोरं संशोधन-जहाज खलाशांसह वापरायला दिलं. जेमतेम बेचाळीस मीटर लांबीचं ते जहाज. मोहिमेचा प्रमुख होता सीमूर सेवेल, भारताच्या प्राणिसर्वेक्षण खात्याचा माजी संचालक. त्याने आपली उमेदीची वर्षं ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण-जहाजावर काढली होती. सोबत अब्देल फत्ताह मोहम्मद आणि हुसेन फौझी हे दोन इजिप्शियन शास्त्रज्ञ. सप्टेंबर १९३३ मध्ये मबाहिस अलेक्झांड्रियाहून निघाली आणि मे १९३४ मध्ये परतली. मधल्या काळात कराची, मुंबई, मोंबासा, कोलंबो अशी बंदरं घेत तिने अरबी समुद्र विंचरून काढला.

तिच्या बाटल्यांतून जे वर आलं ते धक्कादायक होतं. पृष्ठभागाखाली शे-दीडशे मीटरपासून हजार मीटरच्याही खालपर्यंत पाण्यात ऑक्सिजन नावापुरता. ओमानच्या किनाऱ्यालगत काही ठिकाणी तळ अक्षरशः निर्जीव, आणि गाळाला कुजक्या अंड्यांचा, हायड्रोजन सल्फाइडचा वास. वर इतकी मासळी देणारा समुद्र, आणि त्याच्या पोटात एवढा मोठा गुदमरलेला थर. पावसाळी वाऱ्यांनी वर भरपूर शेवाळ-प्लवक वाढतं, ते मरून खाली पडतं, कुजताना खालचा सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतं, आणि उत्तरेला जमिनीने बंद असलेल्या या समुद्रात ताजं पाणी यायला जागा कमी, असा त्याचा खुलासा पुढे झाला. फॉस्फेटच्या पैशाने निघालेलं हे जहाज नसतं तर आपल्या दारातल्या समुद्राची ही गोष्ट आणखी पंचवीस वर्षं तरी कुणाला कळली नसती.

ती पंचवीस वर्षं संपली १९६० च्या सुमारास. मग हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय मोहीम झाली, अनेक देशांची चाळीस-एक जहाजं आली, आणि त्यातून १ जानेवारी १९६६ रोजी आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. तिचं घर पुढे गोव्यात दोना पावलाला झालं. आता खर्च भारत सरकारचा. ‘गवेषणी’ हे देशाचं पहिलं समुद्रविज्ञान-जहाज आलं, आणि २६ जानेवारी १९८१ रोजी तिने हिंदी महासागराच्या तळावरून काळे, ओबडधोबड, बटाट्यासारखे गोटे वर काढले. ब्यूकॅननने १८७३ मध्ये ज्यांची नुसती नोंद केली होती, तेच. एकशे आठ वर्षांनी त्यांच्यातलं निकेल, तांबं आणि कोबाल्ट मोलाचं ठरलं होतं. १९८७ मध्ये भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचं क्षेत्र शोधासाठी मिळालं. पुढे त्यातलं निम्मं परत देऊन पंचाहत्तर हजार राखलं.

गोट्यांच्या बातम्या छापून येतात. त्याच संस्थेच्या माणसांनी गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यासमोर १९९७ पासून जे चिकाटीचं काम चालवलं, ते वर्तमानपत्रांत क्वचितच येतं. ठरावीक जागी होडीने जायचं, ठरावीक खोल्यांवरचं पाणी घ्यायचं, आणि हे महिन्यामागून महिने, वर्षामागून वर्षं. उथळ पाण्यातही पावसाळ्याच्या अखेरीस ऑक्सिजन संपतो, आणि कधी कधी तो कुजक्या अंड्यांचा वास थेट कोकणपट्टीच्या किनाऱ्यालगत येतो, हे या पुनरावृत्तीतून कळलं. २००० साली या शास्त्रज्ञांनी दाखवलं की अशा गुदमरलेल्या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा वायू मोठ्या प्रमाणात सुटतो. अशा कामासाठी दरवर्षी नव्याने पैसा मागावा लागतो, आणि त्यात नवं काय, हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो.

त्या होडीवर ऑक्सिजन मोजायची पद्धत १८८८ साली विंकलरने शोधलेलीच आहे. पाणी बाटलीत भरलं की हवेचा बुडबुडा न शिरू देता त्यात आधी मँगनीजचा क्षार आणि मग अल्कलीतलं आयोडाइड सोडायचं, आणि बाटली उलटीपालटी हलवायची. पांढरा साका तयार होतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर मँगनीज तो पकडतं आणि साका तांबूस-तपकिरी होतो. जितका ऑक्सिजन जास्त, तितका रंग गडद. सप्टेंबरच्या अखेरीस कांदोळीच्या तळाजवळून आलेल्या बाटलीत मँगनीज घालतात, बाटली हलवतात आणि थांबतात. साका पांढराच राहतो.